त्याच्या हातात काही नव्हतं

आमच्या घरात बंदूक आहे हे लग्न ठरताना मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं माहेर बुरोंडीचं. वडील बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. आमच्याकडे धारेची वस्तू म्हणजे मासे कापायची विळी, आणि आवाजाची वस्तू म्हणजे मी. मी हाक मारली की समुद्रातली होडी वळते असं माझे भाऊ म्हणायचे. अशी मी लग्न करून आले संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, जिथून एस्टीचा थांबा गाठायचा तर अर्धा तास चढ चढावा लागतो. पहिल्याच सकाळी माजघरात केर काढताना वर बघितलं तर दोन खुंट्यांवर आडवी बंदूक. मी आपली केरसुणी टाकून बाहेर. सासूबाई चुलीशी होत्या. म्हणाल्या, "अगो, ती काय खाते काय तुला? वांदरांसाठी हाय ती."

ठासणीची बंदूक. एकनळी, जुनी, दस्त्याला सासऱ्यांच्या हाताने पडलेली झिलई. नळीत आधी दारू घालायची, मग काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग हवे तर छर्रे आणि वर पुन्हा बोळा. घोड्याखाली टिकलीएवढी केप बसवली की बार तयार. शेतीच्या रक्षणासाठी म्हणून सरकार परवाना देतं, आणि आमच्या भागात ज्याच्याकडे कलमं आहेत, काजू आहे, भात आहे त्याला तो परवाना जिवापेक्षा मोठा वाटतो. उगीच नाही वाटत. वांदरांची टोळी एकदा भोपळ्यांच्या मांडवात शिरली की वर्षाची भाजी एका दुपारी जाते. खात नाहीत मेली, एकेक चावा घेऊन टाकतात. बघून माझं डोकं फिरतं.

सासरे गेले तेव्हा परवाना कुणाच्या नावावर करायचा हा प्रश्न आला. कचेरीतला माणूस म्हणाला, मावशी, मुलाच्या नावावर करा. सासूबाई म्हणाल्या, "मुलगा मुंबईत हाय. वांदर इथे हायत." दोन वर्षं हेलपाटे घातले त्यांनी. चाल चांगली असल्याचा दाखला, डॉक्टरचा दाखला, सात-बारा, फोटो. शेवटी परवान्याचं बुकलेट हातात आलं तेव्हा त्यांनी ते हळदीकुंकू लावून देवाशेजारी ठेवलं. पंचक्रोशीत बाईच्या नावाची बंदूक ही एकच. मला त्यांचा तेव्हापासून अभिमान. तोंडावर कधी बोलले नाही, कारण आमच्याकडे सून सासूला तोंडावर चांगलं म्हणत नाही, आणि सासू तर सुनेला मुळीच नाही.

निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. एका निवडणुकीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. रांगेत सगळे पुरुष, आणि मध्ये आमच्या सासूबाई, बंदूक जुन्या लुगड्यात तान्ह्या पोरासारखी गुंडाळून छातीशी धरलेली. तिथले त्या वेळचे फौजदार जरा बोलके होते. पावत्या लिहून होईपर्यंत त्यांनी सगळ्यांना उभ्या उभ्या शिकवणी दिली. ही बंदूक पिकासाठी आहे, म्हणाले, माणसासाठी नाही. आणि ज्याच्या नावाचा परवाना त्यानेच हात लावायचा. तर रांगेतल्या एकाने विचारलं, साहेब, आणि घरात चोर शिरला तर काय ओवाळायचा त्याला?

फौजदार हसले नाहीत. म्हणाले, जिवावर बेतलं आणि दुसरा मार्ग राहिला नाही, तर कायदा तुम्हाला जीव वाचवायला मोकळीक देतो. पण लागेल तेवढीच. समोरचा काठीने येतोय आणि काठीने भागतंय, तर बार टाकायचा नाही. आम्हाला बोलवायला वेळ असेल, तर आम्हाला बोलवायचं. आणि समोरचा फिरला, पळायला लागला, की तुमची मोकळीक तिथे संपली. मग पाठीत घातलेला छर्रा म्हणजे चोराची चोरी राहिली बाजूला, खून तुमच्या नावावर.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "आई, चोर काय हे सगळं ऐकून घ्यायला थांबणार हाय काय?" सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "चोर नाय थांबणार. म्हणून तर आपण थांबायचं." मला तेव्हा ते बोलणं अगदीच मिळमिळीत वाटलं. माझ्या घरात शिरलेल्या माणसापुढे मी कशाला थांबू?

आता चिंधीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या चिंधीवर आहे. ठासलेली बंदूक वरून बघून कळत नाही आत काय आहे ते. नुसती दारू असली तर तिला आमच्या घरात पोकळ बार म्हणतात. मोठा आवाज, धूर, आणि वांदर पळाले. कुणाला काही होत नाही. पण छर्रे घातलेले असले तर ती वेगळी गोष्ट. म्हणून सासऱ्यांनी रीत घातलेली. छर्रा भरला की चापाशी लाल चिंधी बांधायची. चिंधी नसली तर पोकळ. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ही रीत पहिल्या आठवड्यात सांगितली जायची. केप तर वेगळ्या डबीत, फडताळात. वर्षातले बहुतेक दिवस बंदूक पोकळच असायची, आणि खरं सांगायचं तर सासूबाई शेतात असल्या की पोकळ बार मीही उडवायची. फौजदारांनी सांगितलेलं कानाआड करून. परवाना माझ्या नावाचा नव्हता, पण वांदर कुठे बुकलेट बघतात?

त्या वर्षी भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि रानडुकरं उतरायला लागली. वनखात्याकडे अर्ज करून सासूबाईंनी रीतसर परवानगी आणली होती. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी पहाटे त्यांनी जाड छर्रे ठासले आणि शेताच्या बांधावर जाऊन बसल्या. डुकरं त्या दिवशी आली नाहीत. ठासलेला बार काही चमच्याने काढता येत नाही, म्हणून त्यांनी केप काढली, लाल चिंधी बांधली, बंदूक खुंट्यांवर ठेवली आणि भाकरी खाऊन परत कामाला लागल्या. मला सांगितलं नाही. सांगायची गरज काय? चिंधी होती ना.

आणि मी त्या दिवशी घर काढलं होतं. नवरात्राआधी आमच्याकडे घरातली एकूण एक वस्तू धुऊन निघते. गोधड्या, चादरी, डबे, देवाची भांडी, पिशव्या, फडकी. मी स्वच्छतेच्या बाबतीत जरा अतीच आहे, हे मला मान्य आहे. माजघरात उजेड कमी. खुंट्यांवरचं, दांडीवरचं, कोनाड्यातलं जे जे फडक्यासारखं हाताला लागलं ते ते मी ओढून टोपल्यात टाकलं. त्यात चापाशी बांधलेली चिंधीही गेली. तेल लागून काळी पडली होती. सोडायचा साबण लावून मी ती चांगली चोळली. तिचा मूळचा लाल रंग निघाला तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. वाळत घातली आणि दुसऱ्या कामाला लागले.

दुपार झाली. सासूबाई पऱ्यावर, म्हणजे घराखालच्या ओढ्यावर, तांब्याचे हंडे घासायला गेल्या होत्या. समया, तबकं, पळ्या मी घासून मागीलदारी पडवीत उलट्या घातल्या होत्या. मी पुढच्या खळ्यात गोधड्या बडवत होते. पाणी प्यायला आत आले तर स्वयंपाकघरात एक माणूस.

तिशीचा असेल. रोड अंगाचा, रेघारेघांचा सदरा. त्याच्या काखेत आमची मोठी समई. माझ्या लग्नात माहेरहून आलेली, आईने बुरोंडीहून मांडीवर घेऊन आणलेली. मी ओरडले. माझा आवाज मी आधीच सांगितलाय. त्याने समई तिथेच टाकली आणि मागल्या दाराने पळाला.

आता इथे गोष्ट संपली होती. समई माझ्या पायाशी पडली होती, एक पोचा आला होता, बस. माणूस घराबाहेर गेला होता. पण मी कुठली ऐकायला. पोचा आलेली समई बघितली आणि माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. मी माजघरात गेले, बंदूक काढली, फडताळातली केप बसवली. हात इतके सराईत होते की डबीचं झाकण लावलेलंही मला आठवतंय. बाहेर पडवीत आले आणि घोडा ओढला. चापाशी चिंधी नव्हती. पोकळ बार. चांगला दणका देऊ मेल्याला, म्हटलं, जन्मभर लक्षात ठेवील.

"थांब."

आणि तो थांबला. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, फणसाखाली. घोड्याचा आवाज त्याने ऐकला असावा. वळला नाही. दोन्ही हात वर केले आणि पाठ माझ्याकडे करून उभा राहिला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी नळी त्या पाठीवर धरली. त्याच्या खांद्यांच्या बरोबर मध्ये.

मला थांबायची एवढीही इच्छा नव्हती हे मी आज कबूल करते. पोकळ आहे म्हणून मी बार टाकणार होते, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंच आहे. पण त्या क्षणी मी एवढी पेटले होते की चिंधी असती तर मी नळी खाली केली असती का, ते मला शपथेवर सांगता येणार नाही.

सासूबाई पऱ्यावरून वर येत होत्या. आमची कपड्यांची दोरी त्या वाटेवर आहे. दोरीवर त्यांना लाल चिंधी वाळत घातलेली दिसली, आणि चिंधीपलीकडे मी दिसले. पासष्टीची बाई, डोक्यावर हंडा. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. किंचाळली असती तर मी दचकले असते, आणि बोट चापावरच होतं. त्यांनी हंडा गवतावर आवाज न करता ठेवला, अनवाणी बाजूने आल्या आणि तळव्याने नळी खालून वर उचलली. त्याच क्षणी बार झाला. दणका माझ्या खांद्यात बसला आणि पडवीची कौलं खळाखळा खाली आली.

मी वर बघितलं. छपराला भोकसा पडला होता, त्यातून आभाळ दिसत होतं. पोकळ बाराने कौल फुटत नाही. मला कळायला तेवढा वेळ लागला. मग मी खाली बसले. तिकडे फणसाखाली तोही खाली बसला होता. उभ्या होत्या फक्त सासूबाई. केपेच्या ठिणगीने त्यांच्या मनगटावर भाजलं होतं, ते पदराने दाबून धरलं होतं. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, भिंतीला टेकवली, आत गेल्या आणि दोन तांबे पाणी घेऊन आल्या. एक मला दिला. दुसरा घेऊन फणसाखाली गेल्या.

बार ऐकून शेजारचे भाऊजी धावत आले. भावकीतले, माणूस उपकारी, गावात कुणाचंही अडलं तर पुढे. त्यांनी सगळं ऐकलं, छपराकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याच्या हातात काय होतं?"

"काय नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजींनी डोक्याला हात लावला. मला बाजूला घेऊन समजावलं. वहिनी, दिवसाढवळ्या, मोकळ्या हाताच्या, पाठमोऱ्या माणसावर बंदूक धरलीत तुम्ही. आणि परवाना तुमच्या नावाचाही नाही. हा आज पोलिसांत गेला तर आत तुम्ही जाल, हा नाही. एवढं बोलून ते आमच्या पडवीत गेले, भिंतीवरच्या आकडीतला कोयता काढला आणि आणून त्या माणसाच्या पायाशी गवतावर ठेवला. "हातात कोयता होता, अंगावर आला, म्हणून जिवाच्या भयाने बार टाकला. मी साक्षीदार हाय. विषय संपला."

खोटं कशाला बोलू, मला ते तिथल्या तिथे पटलं. छाती मोकळी झाली. मुंबईला नवऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, भाऊ सांगतात तसंच कर, डोकं चालवू नकोस. तो माणूस कोयत्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं आपलं काय होणार ते. घरफोडी, शस्त्रानिशी, बाईमाणसावर हल्ला. समई टाकून पळालेल्याला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

सासूबाई आल्या, वाकल्या आणि कोयता उचलला. पात्यावरून अंगठा फिरवला. "हा माझा कोयता हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी मी याने गवत कापलंय, अजून पातं हिरवं हाय. ह्याच्या हातात समई होती. ती पण टाकलीन त्याने." आणि कोयता नेऊन आकडीत अडकवला.

भाऊजी चिडले. "काकी, सून आत जाईल तुमची. बंदूक जाईल. मग डुकरांना काय आरती करणार?"

"जाईल तर जाईल," सासूबाई म्हणाल्या. मग परवान्याचं बुकलेट काढून त्यावर लिहिलेल्या ठाण्याच्या नंबरावर स्वतः फोन केला.

ठाण्यात जाताना रिक्षात मी त्यांच्या शेजारी होते. बंदूक त्यांच्या मांडीवर, लुगड्यात गुंडाळलेली. मी एक गोष्ट बोलले जी आजवर नवऱ्यालाही सांगितलेली नाही. मी म्हटलं, "आई, परवाना तुमच्या नावाचा हाय. बार तुम्ही टाकलात असं सांगा ना." लाज वाटते लिहायला. पण लिहिते.

त्यांनी बंदुकीवरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, "सांगेन. तू म्हणतेस तर माझ्यावर घेईन मी. आता माझं काय राहिलंय? पण त्याच्या हातात मी कोयता देणार नाय, गो. ते नको सांगूस मला."

पूर्वीचे फौजदार बदलून गेले होते. आता होते ते तरुण, कमी बोलणारे. त्या माणसाला पोलिसांनी आधीच आणून कोपऱ्यात बसवलं होतं. फौजदारांनी सासूबाईंना विचारलं, आणि त्यांनी एकेक सांगितलं. दिवस होता. त्याने समई टाकली होती. तो घराबाहेर होता. पाठमोरा होता, हात वर होते. छर्रा त्यांनी स्वतः ठासला होता. सगळं खरं, आणि प्रत्येक वाक्य आमच्या विरुद्ध जाणारं. फौजदारांनी लिहिता लिहिता मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं. ठाण्यात असं सांगणारं माणूस रोज येत नसावं.

मग त्यांनी विचारलं, "चाप कुणी ओढला?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मला कळलं त्या काय म्हणणार ते. रिक्षात दिलेला शब्द त्या पाळणार होत्या. अख्ख्या जबानीतलं एकच खोटं, आणि ते माझ्यासाठी. मनगटावरचा फोड तोवर टरारला होता, आणि तो हात टेबलावर होता.

"मी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, एवढा बारीक. "मी ओढला. चिंधी मी धुतली. बंदूक माझ्या हातात होती."

फौजदारांनी लिहून घेतलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरचा पाण्याचा ग्लास फक्त माझ्या बाजूला सरकवला.

बंदूक ठाण्यातच राहिली. परवाना आधी स्थगित झाला आणि मग रद्द झाला. माझ्यावर केस झाली, विनापरवाना बंदूक वापरल्याची आणि जीव धोक्यात घातल्याची. जामीन झाला. वकीलबाई तालुक्यातल्याच, माझ्याहून लहान. पहिल्या भेटीत त्यांनी मला कायदा समजावला आणि मी चक्क हसले, कारण त्या रांगेतल्या फौजदारांनी सांगितलेलंच सगळं होतं. स्वतःच्या घराचं रक्षण करायचा हक्क आहे, पण त्याला कुंपण आहे. सूर्य मावळल्यावर कुणी घर फोडून आत शिरला, किंवा जिवावर उठला, तर ते कुंपण लांब जातं. दिवसा चोर माल टाकून पळाला की ते तुमच्या उंबऱ्यावर येऊन थांबतं. "त्याने समई टाकली आणि पाठ फिरवली," त्या म्हणाल्या, "तिथे तुमचं सगळं संपलं होतं. छर्रा लागला असता तर मी आज तुम्हाला इथे भेटले नसते, तुरुंगात भेटले असते." मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना हे पाठ होतं. तर त्या म्हणाल्या, पाठ बऱ्याच जणांना असतं.

त्या दसऱ्याला शस्त्रपूजेला दोन खुंट्या रिकाम्या. दर वर्षी बंदुकीला झेंडूची माळ असायची. सासूबाईंनी पाटावर कोयता ठेवला, विळा ठेवला, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि आपट्याची पानं आम्हाला दिली. तक्रार नाही, टोमणा नाही. मला टोमणा चालला असता खरं तर. मी वाट बघत होते त्याची.

आता वांदर आले की त्या पत्र्याचा डबा बडवत शेतभर धावतात, सदुसष्टाव्या वर्षी. दोन वर्षं हेलपाटे घालून मिळवलेला परवाना माझ्या एका रागापायी गेला. गेल्या वर्षी डुकरांनी खालची भाताची दोन अख्खी चोंढी लोळवली. त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, "आई, तेव्हा कोयता म्हटलं असतं तर आज बंदूक असती."

"असती ना," त्या म्हणाल्या. "चल, उभं हाय तेवढं कापून घेऊ."

केस अजून चालू आहे. काय लागेल ते वकीलबाईही सांगू शकत नाहीत, आणि मी विचारायचं सोडलंय. प्रत्येक तारखेला सासूबाई माझ्याबरोबर येतात. घावन आणि चटणीचा डबा घेऊन कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसतात. त्याच्यावरही चोरीची केस आहे, ती बहुतेक त्याच दिवशी असते. खेडच्या बाजूचा आहे तो, एवढं कळलं. तोही त्याच बाकावर बसतो, दुसऱ्या टोकाला. आम्ही बोलत नाही. एकदा सासूबाईंनी दोन घावन कागदावर ठेवून बाकावरून त्याच्याकडे सरकवले. त्याने घेतले आणि तोंड फिरवून खाल्ले.

परवाच्या तारखेला दोघांच्याही केसेस पुढे गेल्या. तो आधी निघाला. कोर्टाच्या पायऱ्या उतरून आमच्यापुढे चालत होता, आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर. सदरा इस्त्रीचा, रेघारेघांचाच. मी एकदम थांबले. मला पुढे पाऊल टाकवेना. तीच पाठ, तेवढीच लांब, खांद्यांच्या मधली तीच जागा. तिथे कापडाला नुसती एक घडी पडली होती.

सासूबाईंनी माझ्या दंडाला धरलं. मनगटावरचा डाग अजून आहे, नाण्याएवढा. त्यांनीही त्याच्याकडे बघितलं, तो फाटकातून बाहेर पडून वळेपर्यंत.

"खेडची गाडी साडेतीनला हाय," त्या म्हणाल्या. "मिळेल त्याला."